परड्याचे फाटक उघडले तेव्हा

माझ्या सासूबाई परसबाग हा शब्द कधी वापरत नसत. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील जुन्या घरामागे होते ते परडे, आणि पुढे आम्ही ताराबाई पार्कात राहायला आलो तेव्हा घराभोवती जी मोकळी जागा मिळाली तिलाही त्या परडेच म्हणत राहिल्या. येताना त्यांनी जुन्या परड्यातील पिवळ्या शेवंतीच्या मुळाशी फुटलेल्या काश्या ओल्या पोत्यात गुंडाळून आणल्या होत्या, आणि ती शेवंती आमच्याकडे आजही आहे. शेवटचे साडेचार महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्या काळात एका धर्मादाय संस्थेची परिचारिका आठवड्यातून दोनदा घरी येत असे. पाठीवरच्या जखमेचे ड्रेसिंग करणे, रुग्णाला कुशीवर कसे वळवावे हे आम्हाला शिकवणे, डॉक्टरांशी बोलून वेदनाशामक औषधाची मात्रा ठरवून घेणे, ही सारी कामे ती शांतपणे करी आणि जाताना एक पैसाही घेत नसे. सासूबाईंची खाट आम्ही खिडकीशी सरकवली ती तिच्याच सांगण्यावरून. खिडकीतून शेवंतीचा वाफा दिसत असे, पण कळ्या तेवढ्या अंतरावरून दिसत नसत. म्हणून ती घरात पाऊल टाकण्यापूर्वी वाफ्यापाशी जाऊन येई आणि "आजी, आज अकरा कळ्या आहेत," असा हिशेब देई.

त्यानंतरच्या जूनमध्ये मी मुलीकडे इंग्लंडला गेले. ती आणि जावई केंट परगण्यात राहतात. एका शनिवारी जवळच्या गावातून चालत जाताना एका घराच्या कुंपणाला लावलेला पिवळा फलक दिसला आणि मुलगी म्हणाली, "आई, उद्या इथल्या नऊ घरांच्या बागा पाहायला खुल्या आहेत, जाऊ या." दुसऱ्या दिवशी दुपारी गावाच्या सभागृहाबाहेर टेबल मांडून बसलेल्या दोन वृद्ध बायकांनी तिकिटाचे पैसे घेतले आणि हातात घरांचा नकाशा ठेवला. हे पैसे कोठे जातात, असे मी सहज विचारले. घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या संस्थांना जातात, असे उत्तर मिळाले. मला आमच्या खिडकीजवळची खाट आठवली आणि पुढची काही मिनिटे मी मुलीशी काही बोलू शकले नाही.

या उपक्रमाचे नाव नॅशनल गार्डन स्कीम. तो सुरू झाला १९२७ साली, पण त्याचे मूळ त्याहून ६८ वर्षे मागे, लिव्हरपूल शहरात आहे. तेथील एक धनिक व्यापारी विल्यम रॅथबोन यांची पत्नी १८५९ साली घरीच आजारी होती आणि तिच्या अखेरच्या दिवसांत मेरी रॉबिन्सन नावाच्या परिचारिकेने तिची सेवा केली. पत्नी गेल्यावर रॅथबोन यांच्या मनात आले की, सर्व सोयी असलेल्या घरात या सेवेने एवढा दिलासा मिळाला, तर ज्या घरात पुरेसे अंथरूणही नाही तेथे तिचा केवढा उपयोग होईल. त्यांनी मेरी रॉबिन्सन यांनाच तीन महिन्यांसाठी शहरातील गरीब वस्तीत पाठवले. एक महिन्याने त्या रडत परत आल्या, कारण तेथील हालअपेष्टा पाहवत नव्हत्या. पण रॅथबोन यांनी त्यांना धीर दिला, त्या पुन्हा गेल्या, आणि ठरलेली मुदत संपल्यावर त्यांनीच हे काम चालू ठेवण्याची इच्छा दाखवली. यातून घरी जाऊन शुश्रूषा करण्याची व्यवस्था उभी राहिली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी मार्गदर्शन केले. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त स्त्रियांनी जमवलेल्या निधीतील ७०,००० पौंड या कामाला मिळाले आणि त्यातून परिचारिकांची देशव्यापी संस्था स्थापन झाली.

सरकारी आरोग्यसेवा अस्तित्वात येण्यापूर्वीचा हा काळ आहे. परिचारिकांचे पगार, प्रशिक्षण आणि वृद्धापकाळची तरतूद हे सगळे देणग्यांवर चालत असे आणि देणग्या कधीच पुरत नसत. तेव्हा संस्थेच्या समितीवरील एल्सी वॅग या बाईंनी एक गोष्ट सुचवली: या देशात इतक्या सुंदर खासगी बागा आहेत आणि त्या मालकांखेरीज कोणी पाहत नाही, तर एका शिलिंगाच्या तिकिटावर त्या लोकांना का दाखवू नयेत? १९२७ साली ६०९ बागा उघडल्या. राजे पंचम जॉर्ज यांच्या सँड्रिंगहॅमच्या बागेचाही त्यांत समावेश होता. पहिल्या वर्षी ८,१९१ पौंड जमले. तेव्हा एका पौंडाचे २० शिलिंग होत. त्या हिशेबाने ही रक्कम १,६३,८२० शिलिंगांची झाली. एका शिलिंगाने कोणाचेही घर मोडत नाही आणि कोणाचा मानही मोठा होत नाही, ही या कल्पनेतील गोष्ट मला सर्वांत अधिक भावते. मोठ्या देणगीला फलक लागतो, देणगीदाराचे नाव कोरले जाते. येथे मात्र खाणमालक आणि त्याच्याकडचा गाडीवान एकाच किमतीचे तिकीट काढून एकाच फाटकातून आत जाऊ शकत होते.

१९४८ साली सरकारी आरोग्यसेवा आली आणि घरोघरच्या परिचारिकांचा भार सरकारने उचलला, तेव्हा खरे तर या बागा बंद व्हायला हरकत नव्हती. पण निवृत्त परिचारिकांना आधाराची गरज होतीच. पुढे कर्करोगाच्या आणि अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची सेवा करणाऱ्या मॅकमिलन, मेरी क्युरी यांसारख्या संस्थांनाही हा पैसा जाऊ लागला. स्कॉटलंडने १९३१ साली आपली वेगळी योजना सुरू केली, आणि तेथे बागमालकाला जमलेल्या रकमेतील काही भाग आपल्या पसंतीच्या संस्थेला देता येतो. आज इंग्लंड आणि वेल्स मिळून दर वर्षी तीन हजारांहून अधिक बागा उघडतात. त्यांची यादी जिच्यात असते त्या पुस्तिकेला, तिच्या मुखपृष्ठाच्या रंगावरून, सगळे जण नुसते पिवळे पुस्तक म्हणतात.

त्या रविवारी पाहिलेल्या नऊ बागांपैकी भव्य अशी एकही नव्हती. एक तर आमच्या कोल्हापुरातील बोळाएवढी अरुंद होती. बाग योजनेत घेण्यापूर्वी स्वयंसेवक ती पाहून जातात, आणि येणाऱ्याचे मन निदान पाऊण तास रमेल इतके तेथे काही आहे का, हे तपासतात. पण एखादी बाग त्या मापात लहान ठरली, तर शेजारच्या चार-पाच बागांसह एकाच तिकिटावर तिला उघडता येते, असे तेथे कळले. एका आजोबांनी फुलांपेक्षा आपल्या कंपोस्टचे तीन कप्पे अधिक अभिमानाने दाखवले, ओंजळभर खत माझ्या हातावर ठेवले आणि वास घ्यायला लावला. पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास होता तो. दुसऱ्या एका घरी बॉक्सवूडचे सत्तर वर्षांचे कुंपण अळीने खाऊन वाळून गेले होते. त्या बाईंनी ते उपटले नव्हते. त्याच्यासमोर पाटी लावून त्यांनी काय झाले, कोणते उपाय केले आणि ते का चालले नाहीत, हे लिहून ठेवले होते, आणि अर्धे गाव त्या पाटीपाशी उभे राहून आपापल्या कुंपणाची गाऱ्हाणी सांगत होते. शेवटच्या घरी चहा, केक आणि रोपांची विक्री होती. चहाचे पैसेही त्याच पेटीत जात होते.

कोल्हापूरला परत आल्यावर मी आमच्या रस्त्याने चालताना कंपाउंडच्या भिंतींवरून पलीकडे डोकावू लागले. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी, राजारामपुरीच्या मागच्या गल्ल्या, येथे आजही असे बंगले आहेत की ज्यांच्या भिंतीवरून सोनचाफ्याची फांदी बाहेर आलेली असते, आणि आत काय आहे याची रस्त्यावरच्या माणसाला काहीच कल्पना नसते. सार्वजनिक बागा आपल्याकडे आहेत. १८७६ साली पूर्ण झालेल्या टाउन हॉलच्या इमारतीभोवतीची जुनी झाडे पाहत मी मोठी झाले आहे, आणि शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या उद्यानात सह्याद्रीतील दुर्मीळ कंदीलपुष्पे ज्या निष्ठेने जतन केली जातात ती प्रत्येक कोल्हापूरकराने एकदा पाहावी. हिवाळ्यात भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनांनाही मी न चुकता जाते. पण प्रदर्शनात कुंडी येते ती ऐन भरातली, पाने पुसून, काडीचा आधार लपवून. त्या झाडाला ऊन कोठून मिळते, पाणी कोणत्या पाइपचे, शेजारचे झाड कोणते आणि गेल्या वर्षी त्याच जागी काय मेले, हे कळायला त्या घरीच जावे लागते.

शिवाय घरची बाग दुसऱ्यांसाठी उघडणे ही आपल्याला सर्वस्वी नवी गोष्टही नाही. मंगळवार पेठेतील आमच्या परड्याला मागच्या बाजूने एक लाकडी दार होते आणि श्रावणातल्या मंगळवारी ते पहाटेपासून उघडे असे, कारण गल्लीतल्या नव्या सुना मंगळागौरीच्या पत्रीसाठी येत. आघाडा, डाळिंब, मरवा, कण्हेर, जाई, जे ज्याच्या परड्यात असेल ते त्याच्याकडून न्यायचे. गणेश चतुर्थीच्या एकवीस पत्री तर कोणा एकाच्या परड्यात असणे शक्यच नव्हते; पाच-सहा घरे फिरल्याशिवाय ताट भरत नसे. पत्री तोडण्यापूर्वी झाडाला हात लावून नमस्कार करायचा आणि शेंड्याला धक्का लावायचा नाही, हे सासूबाई प्रत्येक मुलीला सांगत. जुन्या पेठा सुटल्या, बंगल्यांना फाटके आली, फाटकांना कुलपे आली, आणि पत्री आता बाजारातून पुडीत येते.

हे सगळे मी एका संध्याकाळी शेजारच्या वहिनींना सांगितले. त्या म्हणाल्या, "काकू, बोलून काय उपयोग, करू या." मग आम्ही दोघी मिळून अकरा घरी गेलो. अडचणी सांगितल्या गेल्या आणि त्या खऱ्या होत्या. अनोळखी माणसे आत येणार, तर घरातल्या वस्तूंचे काय? कोणी पाय घसरून पडले तर? लोक फुले तोडतील. लोक फांद्या मागतील. आमची बाग काय दाखवण्यासारखी आहे, हा आक्षेप तर जवळजवळ प्रत्येक घरी निघाला आणि तो दूर करायला सर्वांत जास्त वेळ लागला. अखेर पाच घरे तयार झाली. जानेवारीतील शेवटचा रविवार ठरला, सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चार ते सहा. पाचही घरांना मिळून पन्नास रुपयांचे एकच तिकीट, बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत. पैशाच्या बाबतीत मी आग्रह धरला की आपल्यापैकी कोणीही एक रुपया आपल्या नावावर घ्यायचा नाही. ज्या संस्थेची परिचारिका आमच्या घरी येत असे तिच्याच कार्यालयात आम्ही गेलो, पावतीपुस्तके त्यांची घेतली, आणि त्यांचा एक कार्यकर्ता दिवसभर टेबलावर बसला. चहा, पाट्या, दोऱ्या, पिशव्या यांचा खर्च पाच घरांनी वाटून घेतला, त्यामुळे जमलेल्या रकमेतून काहीही वजा करावे लागले नाही. असे काही करू पाहणाऱ्यांनी ही एक गोष्ट तरी अशीच करावी, कारण दानाच्या हिशेबात खर्चाचा रकाना आला की लोकांच्या मनात शंकेलाही जागा होते.

जुन्या बंगल्याच्या बागेपाशी सर्वांत जास्त गर्दी झाली. तेथे कवठी चाफा आहे, बकुळ आहे, सीतेचा अशोक आहे, आणि मागच्या कोपऱ्यात सुरंगीचे झाड आहे, जे तेव्हा अजून फुललेले नव्हते, पण ज्याच्या जाड फांद्यांवर मण्यांसारख्या कळ्या नुकत्या धरू लागल्या होत्या. ही बाग गेली सव्वीस वर्षे राखणारे माळीमामा राधानगरी तालुक्यातील. मालकांनी त्यांना नवा फेटा दिला होता आणि ते सकाळी आठपासून सुरंगीखाली उभे होते. लोक आधी मालकांना विचारत, मालक मामांकडे बोट दाखवत, आणि दहा वाजेपर्यंत मामांभोवती वर्तुळ तयार झाले. एका बाईंनी आपल्या अनंताची पाने पिवळी पडत असल्याचे सांगितले. मामांनी उलट विचारले, "पानी रोज घालता?" त्या हो म्हणाल्या. "मग त्या पान्यानंच पिवळी पडत्यात. बोट घालून बघायचं, माती कोरडी लागली तरच घालायचं." दुसऱ्या एकाला त्यांनी गुटी कलम कसे बांधायचे ते तिथल्या तिथे जास्वंदीवर करून दाखवले: बोटभर रुंदीची साल गोल काढली, ओले शेवाळ लावले, प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोके सुतळीने आवळली. त्या घराच्या पाटीवर मालकांच्या नावाखाली मामांचेही नाव लिहिले होते, आणि त्यांची त्या दिवसाची मजुरी मालकांनी वेगळी दिली. आपल्याकडील अनेक बागा ज्यांच्या हातांनी उभ्या आहेत त्यांची नावे कोणालाच ठाऊक नसतात, याचे मला फार वाईट वाटते.

पण माझ्या मनात राहिली आहे ती नागाळा पार्कातील उताराची बाग. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती ५५ फुटांच्याही वर गेली, तेव्हा या घराच्या तळमजल्यात पाणी शिरले. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा शिरले. त्या घरच्या मावशींनी बागेच्या भिंतीवर दोन्ही वर्षांच्या पाण्याच्या रेषा पांढऱ्या रंगाने आखून ठेवल्या आहेत आणि त्या आपल्या खांद्याच्या वर आहेत हे पाहून येणारा प्रत्येक जण गप्प होत होता. पाणी ओसरल्यावर बागेत वीतभर गाळ होता, असे त्यांनी सांगितले. वरून तो सुकून भेगाळला होता, पण आत मुळांपर्यंत हवा जात नव्हती, आणि पाण्यात बुडाल्याने मेली नाहीत ती झाडे पाणी गेल्यावर गुदमरून मेली. पपया पहिल्या दोन दिवसांतच कोसळल्या. गुलाब गेले, मोगरा गेला, लिंबू गेले. कर्दळ, अळू, केवडा आणि नारळ एवढे राहिले. मावशींनी आणि त्यांच्या मुलाने घमेल्याघमेल्याने गाळ उपसून एका कोपऱ्यात ढीग केला, त्यात पालापाचोळा आणि शेणखत मिसळत राहिले, आणि दीड वर्षाने त्याच मातीचे उंच वाफे बांधले. दुसऱ्या पुराने त्यांतले अर्धे वाहून नेले. मग त्यांनी बागेची आखणीच बदलली. आता खालच्या बाजूला फक्त पाणी सोसणारी झाडे आहेत, मधल्या पट्ट्यात हंगामी फुले आहेत जी गेली तरी पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतात, आणि जीव लावलेली सगळी झाडे कुंड्यांत आहेत, ज्या पाण्याची इशारापातळी कळताच जिन्याने गच्चीवर नेता येतात. कोणती कुंडी कोणी उचलायची हेही घरात ठरलेले आहे. बाग उघडण्याबद्दल आम्ही विचारायला गेलो तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या की, ही काय बाग आहे, ही तर डागडुजी आहे. त्या रविवारी नदीकाठच्या भागांतून आलेल्या कितीतरी जणांनी वहीत त्यांच्या झाडांची नावे लिहून नेली. केंटमधील त्या वाळलेल्या कुंपणासमोरची पाटी मी मावशींना वर्णन करून सांगितली होती, आणि त्यावरूनच त्यांनी 'पुरात गेलेली झाडे' आणि 'पुरात राहिलेली झाडे' असे दोन फलक लावले.

उरलेल्या दोन बागांबद्दल थोडक्यातच लिहिते. एक गच्चीवरची आहे. तेथे एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी जुन्या ड्रमांत भाज्या लावल्या आहेत, आणि चैत्रात जोतिबाला वाहण्यासाठी ट्रेमध्ये दवण्याची रोपे वाढवली आहेत. ते प्रत्येक येणाऱ्याला एक पान चुरगळून वास घ्यायला देत होते. दुसरी दोन डॉक्टरांची आहे, बरीचशी हिरवळ आणि शोभेचे पाम. हिरवळीला आपल्या उन्हाळ्यात जेवढे पाणी लागते ते पाहता मला ती आपल्या हवेला शोभत नाही असेच वाटते, आणि हे मी त्यांना प्रत्यक्षही सांगितले आहे. तथापि सर्वांत आधी होकार देणारे तेच होते.

आमच्या घरी गुळाचा चहा आणि भडंग ठेवले होते आणि रोपांची विक्री होती. सासूबाईंच्या शेवंतीचा शेंडा मी त्या वर्षी ऑगस्टअखेरपर्यंत खुडत राहिले होते, त्यामुळे बहर लांबला आणि जानेवारी संपत आली तरी वाफा पिवळा होता. दुपारी साडेचारच्या सुमारास ती परिचारिका आली. तिने तिकीट काढले; आम्ही नको म्हणत असतानाही काढले. घरात न येता ती सरळ वाफ्याकडे गेली, नेहमीप्रमाणे वाकून पाहिले, आणि मग खिडकीकडे वळून क्षणभर उभी राहिली. आम्ही दोघींनी एकमेकींना काही विचारले नाही. नंतर चहा पिताना तिने मला सांगितले की सध्या तिच्याकडे सोळा घरे आहेत, गडहिंग्लजच्या रस्त्याला दोन घरे लांबची आहेत आणि तेथे जायला एसटीने अर्धा दिवस मोडतो. संस्थेला औषधांपेक्षा प्रवासाच्या खर्चाची चिंता अधिक असते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते.

संध्याकाळी संस्थेच्या कार्यकर्त्याने आमच्या सर्वांसमोर पेटी उघडली. तिकिटे २१२ गेली होती, त्यांचे १०,६०० रुपये झाले; चाळीस रुपयांप्रमाणे १७३ रोपे विकली गेली, त्यांचे ६,९२०; आणि चहाच्या डब्यात, जेथे आम्ही कोणतीही किंमत लिहिलेली नव्हती, ३,३६५ रुपये निघाले. एकूण २०,८८५. ही रक्कम मोठी नाही हे मला कळते. पण संस्थेच्या कार्यालयात ती भरताना तेथील बाईंनी सांगितले की, लांबच्या रुग्णांकडे जाण्यासाठी परिचारिकांच्या प्रवासाचे काही महिने यातून निघतील, आणि मला त्या एसटीच्या अर्ध्या दिवसाची आठवण झाली.

चुकाही झाल्या. जुन्या बंगल्यातील एका ऑर्किडचा फुलोरा कोणीतरी तोडून नेला; त्याची वाट त्या घरच्या काकांनी तीन वर्षे पाहिली होती. दोन वाफे तुडवले गेले, कारण आम्ही दोऱ्या बांधल्या त्या गुडघ्याच्या उंचीला आणि लहान मुलांना त्या दिसल्याच नाहीत. गाड्या लावण्याची व्यवस्था आम्ही केलेली नव्हती, त्यामुळे समोरच्या रहिवाशांना अकारण त्रास झाला आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन क्षमा मागितली. चाकाच्या खुर्चीवरून आलेल्या एका आजींना पाचपैकी दोनच बागांत जाता आले, ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. ज्या कामासाठी आपण बागा उघडल्या त्या कामाशी ज्यांचा निकटचा संबंध, अशाच माणसाला आपण पायरीपाशी थांबवले. या वर्षी तिन्ही घरी लाकडी उतार करायला सुताराला सांगितले आहे, आणि पुढील वेळी तिकिटाच्या टेबलापाशीच कोणत्या बागेत खुर्ची जाते ते लिहून ठेवणार आहोत. ऑर्किडच्या काकांनी यंदा नाही म्हटले तर मी त्यांना दोष देणार नव्हते. पण गेल्या आठवड्यात त्यांनीच फोन करून तारीख विचारली, आणि झाडाभोवती जाळी लावून घेतो असे सांगितले.

आता आषाढ चालू आहे. पाऊस दिवसभर थांबलेला नाही आणि पंचगंगेच्या पातळीच्या बातम्या रोज रात्री पाहाव्या लागत आहेत. मावशींच्या कुंड्यांपैकी पहिल्या बारा कालच गच्चीवर गेल्या. आमच्याकडे शेवंतीच्या काश्या वेगळ्या करून ऐंशी पिशव्या भरल्या आहेत आणि त्या पोर्चमध्ये, पागोळ्यांपासून आत सरकवून, ओळीने मांडल्या आहेत. आणखी तीन घरांनी होकार दिला आहे. त्यांपैकी एक मंगळवार पेठेतले आहे, आमच्या जुन्या घरापासून चौथे, आणि त्याचे परडे अजून शाबूत आहे. मी परवा जाऊन पाहिले, तर मागचे लाकडी दार आतून अडसर घालून बंद होते आणि त्याच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या. त्या घरच्या सूनबाईंनी तेलाची बाटली आणली आहे.